फोटोवाल्याच्या घरात फ्रेंच आली

फोटोवाला लहानपणी बराच मोठा होईपर्यंत बोललाच नाही. आई घाबरली. ह्या डॉक्टरकडे नेला, त्या डॉक्टरकडे नेला, जिभेखाली बघितलं, कानात बघितलं. शेवटी एक म्हातारे डॉक्टर भेटले. त्यांनी पोराच्या आधी बापाला समोर बसवलं, थोडा वेळ त्यांचं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "बाई, पोराला काही झालेलं नाही. त्याला बोलायला मध्ये फट मिळत नाहीये."

तर असे ते अण्णा. फोटोवाल्याचे वडील. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचं काम त्यांनी जन्मभर केलं. उजाडलं की मालाच्या ढिगाशेजारी एका उलट्या खोक्यावर उभे राहायचे आणि जो आवाज लावायचे, की बाजारात त्यांचं नावच पडलं भोंगा. एकदा म्हणे एक व्यापारी दोन गल्ल्या पलीकडे न्हाव्याकडे दाढीला बसला होता. अण्णांनी कोबीचा पुकारा केला, "एक वार, दोन वार", तो त्याच्या कानावर गेला, आणि हा गडी वस्तऱ्याखालूनच ओरडला, "माझा!" ढीग मिळाला, पण गालाला चीर पडली. ही गोष्ट अण्णा सांगायचे तेव्हा ती चीर दर वेळी थोडी लांब व्हायची. शेवटी शेवटी तर ती कानापासून हनुवटीपर्यंत पोचली होती.

घरातही तोच आवाज. त्यांना दुसरा नव्हताच. सून स्वयंपाकघरात असली की बाहेरून पुकारा व्हायचा, "सूनबाईचा चहा, एक वार. दोन वार. आता उठलोच बघ मी." बायको गेल्यावर तर त्यांचं बोलणं दुप्पट झालं. दोघांचा वाटा एकट्यानेच उचलल्यासारखं.

अशा माणसाच्या पोटी फोटोवाला जन्मला आणि काम कुठलं धरलं, तर मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढायचं. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून हा फोटोवाला. दिवसभर काचेमागे उभा राहून तीनच गोष्टी बोलायच्या. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. बस. बाकी सगळं बोलणं यंत्राचं. हात चांगला होता त्याचा. आडवंतिडवं मोडलेलं हाड असो की रडणारं पोर असो, पहिल्याच फटक्यात साफ फोटो यायचा. पण त्याच्या मागून आलेली दोन पोरं त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसली, तळघरातला ओलावा त्याच्या छातीत बसला, आणि बरोबरचा एक सोबती परदेशात जाऊन तिथल्या दवाखान्याचे फोटो पाठवायला लागला. मोठ्या खिडक्यांचे, खरेखुरे फोटो. तेव्हापासून याच्या डोक्यात भुंगा शिरला.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटने त्याची सगळी माहिती घेतली आणि मान हलवली. "काम उत्तम, शिक्षण ठीक, इंग्रजी बरी. पण वय. तिकडे माणसाला गुण देतात आणि दर वाढदिवसाला त्यातले काढून घेतात. तुमचा वाढदिवस आला की आमच्या इथे सुतक."

"मग?"

"मग फ्रेंच. त्यांना फ्रेंच येणारी माणसं हवी आहेत. चांगली आली तर गेलेले सगळे गुण भरून निघतात, वर उरतात. नाही आली तर मग इथेच श्वास रोखून धरा."

दवाखान्याच्या जवळच एका कपड्यांच्या दुकानावर फ्रेंचबाईंचा वर्ग होता. तिथे सगळे असेच जमलेले. नर्स, वेल्डर, बँकेतली बाई, एक अख्खं जोडपं. कुणालाही फ्रेंचची आवड नव्हती. सगळ्यांना गुण हवे होते. बाईंना ते माहीत होतं. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाषा वर्गात ठेवून घरी गेलात तर ती वर्गातच मरेल. तिला घरी न्या."

फोटोवाल्याने ते वाक्य उचललं आणि खरोखरच घरी नेलं.

त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना बसवलं. बायको औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती, पाय सुजलेले. मुलगी, तिला घरात बिट्टी म्हणत, वही बाजूला टाकून आली, कारण बाबा काहीतरी गंभीर सांगणार असले की तिला गंमत वाटायची. अण्णा त्यांच्या खुर्चीत होतेच.

"उद्यापासून," तो म्हणाला, "सकाळी उठल्यापासून रात्रीची जेवणं होईपर्यंत घरात फक्त फ्रेंच. जो मराठी बोलेल त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. बिट्टीला तिकडच्या शाळेत उपयोग होईल, तुलाही परीक्षा देता आली तर तुझेही थोडे गुण मिळतील."

बायकोने सुजलेले पाय वर घेतले. मग हळूच म्हणाली, "अहो, अण्णांना सोडा ना यातून."

आता इथे खरी चूक झाली, आणि ती चूक अशी की तिच्यात कुणाला चूक दिसली नसती. फोटोवाल्याला बायकोचं बोलणं लागलं. अण्णांना वेगळं काढायचं? या घरात आजवर एकही गोष्ट अण्णांना वगळून झाली नव्हती. पंखा कुठला घ्यायचा इथपासून बिट्टीला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत, अण्णा मधोमध. बाप म्हातारा झाला म्हणून त्याला कोपऱ्यात बसवणारी घरं त्याने पाहिली होती आणि त्या घरांची त्याला शिसारी होती.

"अण्णांना वगळायचं म्हणजे काय? ठरलं ते सगळ्यांचं ठरलं."

आणि अण्णा तर खूश. "बरोबर आहे. सूनबाई, मला काय मोडीत काढतेस? मीही पाळणार. माझा पोरगा परदेशी जायला निघालाय आणि मी बसून मराठी बडबडू?"

त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं की त्या परदेशी जाण्यात आधी फक्त तिघंच आहेत. अण्णांना नंतर बोलावून घ्यायचं होतं. काही दिवस ते फोटोवाल्याच्या थोरल्या बहिणीकडे राहणार होते. ते सांगायचं राहून गेलं होतं. मग सांगू, असं म्हणता म्हणता.

पहिला आठवडा घरात नुसती धमाल होती, हे मान्य करायला हवं. मीठ मागायला कुणाला शब्द सापडेना. बिट्टी पोलीस झाली. लहान मुलांना नियम हातात द्या आणि बघा. ती दाराआड उभी राहून मराठी पकडायची. आई तेल उडून भाजलं म्हणून "आई गं" म्हणाली तरी भांडी आईची. आणि अण्णांनी काय करावं, तर नातीकडून पहिले आकडे शिकून घेतले आणि सकाळी अंघोळीहून येता येता गॅलरीत उभं राहून कांद्याचा लिलाव सुरू केला. "अँ वार! द वार! त्र्वा वार!" समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. सून तोंडात पदर घालून हसली. बिट्टी जमिनीवर लोळली.

फोटोवालाही हसला. पण आतल्या आत त्याला टोचत राहिलं. बाईंनी वर्गात सांगितलं होतं की ही भाषा नाकात आणि ओठात बोलायची, घशातून रेटायची नाही. कान लहानपणीच तयार होतो. आणि बिट्टी तर आता आजोबांसारखी बोलायला लागली होती. छाती काढून, मोठ्याने, प्रत्येक शब्द खोक्यावर उभा करून. दुपारी तिने फ्रेंचमध्ये पाणी मागितलं आणि ते ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. ही उद्या तिकडच्या शाळेत अशी बोलली तर पोरं हसतील.

तो अण्णांजवळ गेला. रागावला नाही, आवाज चढवला नाही. उलट फार मऊपणे बोलला, आणि नेमकं ते बोलणं मराठीत होतं, म्हणजे त्यांना नीट कळावं.

"अण्णा, एक सांगू? राग मानू नका. तुमचे उच्चार ऐकून बिट्टीचे बिघडताहेत. तुम्ही फ्रेंच बोलू नका. नुसतं ऐका."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मग मोठ्याने हसले. "बरं, बरं. तुझी परीक्षा आहे. माझी थोडीच."

त्या दिवशी भांडी दोघांनी मिळून घासली, बाप-लेकानं. आणि भांडी घासता घासता झाली ती त्या घरातली अण्णांची शेवटची लांबलचक बातचीत.

कारण बघा. मराठी नियमाने बंद. फ्रेंच उच्चाराने बंद. उरलं काय? रात्री जेवणानंतर मराठीला मुभा होती म्हणा, पण तेव्हा फोटोवाला कानात वायर घालून फ्रेंच ऐकत बसायचा, बायको उभ्याउभ्या डुलक्या द्यायची, आणि अण्णा बाजाराच्या सवयीने जेवले की लगेच आडवे व्हायचे. बाहेर जाऊन कुणाशी बोलावं, तर तिसऱ्या मजल्यावरून उतरायला गुडघा नको म्हणायचा. दोनदा ते धडपडत जुन्या बाजारात जाऊन आले. तिथे आता लिलाव पाटीवर लागायचे, लाल आकडे धावायचे, आणि माणसं मान वर करून मुकाट्याने वाचत होती. पुन्हा काही ते गेले नाहीत.

अण्णांना भीड पडली असंही नव्हतं. हट्टी होते ते. पुकारा संपला की त्यावर शब्द नाही, ही त्यांची जन्मभराची शिस्त. पोराला शब्द दिला होता, तो त्यांनी पोरापेक्षा जास्त पाळला. फोटोवाला स्वतः चार वेळा घसरला असेल, बायको चाळीस वेळा. अण्णांनी तोंडात गुळणी धरली ती धरली. सकाळी चहा हवा असला की कप उचलून दाखवायचे. नको असलं की पालथा घालायचे.

आणि घराला त्याची सवय झाली. हे सांगायला वाईट वाटतं, पण खरं तेच आहे. घर शांत झालं, फोटोवाल्याचा अभ्यास भराभर पुढे गेला. बायको एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, फ्रेंचमध्येच म्हणाली, चुकत माकत, की अण्णा हल्ली किती समजूतदार झालेत. फोटोवाल्याने तिचं एक क्रियापद दुरुस्त केलं.

मध्ये एकदा सकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. हाताने गळा चोळत होते. "सूनबाई, जरा घशाचं..." इतकं म्हणाले, तेही अगदी बारीक, खरखरीत आवाजात. तेवढ्यात बिट्टी दप्तर पाठीवर टाकून धावत आली, टाळ्या पिटत. "मराठी! आजोबांनी केली! भांडी आजोबांची!" किती दिवसांनी सापडले होते आजोबा. तिला कोण आनंद. अण्णाही हसले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बाही वर करून नळाशी उभे राहिले. सून दुकानात जायच्या घाईत होती. तिला वाटलं, सर्दी झाली असेल. संध्याकाळी आठवणीने गोळ्या आणल्या तिने, आणि अण्णांच्या उशाशी ठेवल्या. गोळ्या दिल्यावर आणखी काय विचारणार? विचारायला पुन्हा शब्द हुडकावे लागले असते.

परीक्षेचा दिवस आला. ऐकण्याचा, वाचण्याचा, लिहिण्याचा भाग झाला. शेवटी बोलण्याचा. परीक्षक बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या घरातल्या एखाद्या वयस्क माणसाबद्दल सांगा.

फोटोवाल्याची कळी खुलली. त्याने अण्णा सांगितले. खोक्यावर उभे राहणारे अण्णा सांगितले, न्हाव्याकडचा व्यापारी सांगितला, गालावरची चीर सांगितली. माझे वडील पहाटेपासून बोलायला लागतात, म्हणाला. त्यांच्यामुळे मला लहानपणी बोलताच आलं नाही, म्हणाला. परीक्षक बाई हसल्या. परीक्षक असून हसल्या. तो वर्तमानकाळात बोलत होता. बोलतात, सांगतात, पुकारतात. प्रत्येक क्रियापद बरोबर होतं. बाहेर आला तेव्हा त्याला कळलं होतं की आपण जिंकलो.

तसाच धावत घरी आला. चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच मराठीत म्हणाला, "अण्णा, झालं. सुटलो. आता बोला काय बोलायचं ते."

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. अण्णा खुर्चीत सावरून बसले. चेहरा असा फुललेला, जणू खोक्यावर चढताहेत. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून वाळक्या पानांवरून कुणी चालावं तसा आवाज आला. शब्द नाही. नुसती खसखस.

बिट्टी खो खो हसली. तिला वाटलं आजोबा नक्कल करताहेत. सगळेच हसले. फोटोवाला म्हणाला, "अण्णा, पुरे आता, नाटकं नका करू." अण्णांनी पुन्हा छाती भरली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळाची शीर फुगली, आणि मग हसणारा एकेक जण थांबत गेला. बिट्टी सगळ्यात शेवटी थांबली.

औषधांच्या दुकानात काम करणारी सून, तिने पहिल्यांदा विचारलं, "कधीपासून?"

अण्णांनी खांदे उडवले. मग फोटोवाल्याला जवळ बोलावून त्याच्या कानाशी फुसफुसले, "वापर नव्हता. म्हटलं गंज चढला असेल. बोलायला लागलो की सुटेल."

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना आपल्याच दवाखान्यात नेलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीण बाईंनी आरसा घालून पाहिलं आणि छातीचा फोटो मागितला. बदलीवरचा माणूस नव्हता, म्हणून फोटोवाल्याने स्वतःच काढला. अण्णांना एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर केली, खांदे पुढे केले. काचेमागे गेला. "श्वास घ्या," म्हणाला. "रोखून धरा." बटण दाबलं. फोटो पडद्यावर आला आणि तो बघत राहिला. छाती स्वच्छ होती. इतकी मोठी, इतकी धडधाकट छाती त्याने फार थोडी पाहिली होती. बघता बघता तो पुढचं विसरला. काही वेळाने मान वर केली तर अण्णा काचेपलीकडे अजून श्वास रोखून उभे. चेहरा लालबुंद, डोळे बाहेर आलेले. सोडा म्हटलं नव्हतं ना कुणी.

"सोडा, अण्णा," तो म्हणाला. "सोडा."

दोष फक्त गळ्यात होता. गाठ स्वरयंत्रावरच बसली होती. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी त्याला बाजूला घेतलं. ओळखीतल्याच होत्या, म्हणून परक्यासारखं न बोलता स्पष्ट बोलल्या.

"आवाज बसणं ही असल्या गाठीची पहिली खूण असते. सहा महिन्यांपूर्वी आणलं असतंस तर किरणांचा शेक देऊन भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? एकटे राहतात का?"

"नाही," फोटोवाला म्हणाला. "आमच्यात राहतात."

शस्त्रक्रिया झाली. अण्णा वाचले. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर जाळीचा रुमाल. श्वास तिथून. बोलणं गेलं.

अण्णा दवाखान्यात असतानाच निकाल लागला. बोलण्याच्या भागात त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. तो फ्रेंचबाईंना सांगायला गेला. खरं तर सांगायलाही नाही, कुठेतरी जायचं म्हणून गेला. बाईंनी अभिनंदन केलं आणि त्याचा चेहरा बघून खुर्ची पुढे सारली. त्याने सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पण मी दिवसातून तासभर म्हटलं होतं."

"घरी न्या म्हणालात."

"हो. पण तासभर. आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी. वहीत पहिल्या पानावर उतरवून दिलंय सगळ्यांना. अहो, जन्मभर एका भाषेत जगलेल्या माणसाला..." त्या थांबल्या. पुढचा वर्ग आत यायला लागला होता. एक नवीन वेल्डर दारात घुटमळत होता. फोटोवाल्याने त्याला आपली खुर्ची दिली.

दवाखान्यातून अण्णांना एक यंत्र दिलं होतं. दाढीच्या मशिनसारखं, गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की गुणगुणत, एका सुरात शब्द निघतात. शिकवणारी मुलगी घरी आली. फोटोवाला शेजारी बसला, स्वतः गळ्याला लावून दाखवलं, "बघा अण्णा, सोपं आहे, रोज थोडं थोडं करू आपण. मी शिकलोच ना फ्रेंच." अण्णांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि खणात ठेवून दिलं. मुलगी दोनदा आली, मग यायची थांबली. बिट्टी आजोबांशी दिवसभर बोलायची आता. शाळेतलं, मैत्रिणींचं, सगळं मराठीत, एकही शब्द दुसऱ्या भाषेतला येऊ नये म्हणून अडखळत अडखळत. आजोबा ऐकायचे. तिला ते बरं वाटायचं नाही. ती मध्येच थांबून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

मग एक दिवस खण उघडला तर यंत्र नव्हतं.

इमारतीच्या खाली जिन्याला टेकून एका चावीवाल्याची टपरी होती. कुलपं, चाव्या, छत्रीच्या काड्या, जे येईल ते दुरुस्त करायचा. यंत्राचं बटण सैल होतं म्हणे, अण्णा ते घेऊन खाली गेले होते. चावीवाल्याने बटण बसवलं आणि चालतं का बघायला म्हणाला, बोला काहीतरी. तिथे अण्णा बोलले. त्या दिवसानंतर ते रोज खाली जायला लागले. गुडघा तोच, जिना तोच. गॅलरीत उभं राहिलं की खालून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं, तासन्‌तास. चावीवाला हसायचा, गिऱ्हाइकं थांबून ऐकायची. आणि जेवायच्या वेळी अण्णा वर आले की यंत्र खिशात. चहा हवा असला की कप उचलायचे.

सून एकदा न राहवून म्हणाली, "अण्णा, आमच्याशीही बोला की." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रागाचं काही नव्हतं त्यात. राग असता तर बरं झालं असतं. घरात आपण बोलत नसतो, एवढंच त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आणि तशात तिकडचं बोलावणं आलं. उत्तराला मुदत होती. एजंट रोज फोन करायचा. अण्णांना नंतर नेता येईल का, यावर तो "बघू" म्हणायचा, आणि ते बघू कसलं असतं ते दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला कळतं. थोरल्या बहिणीने आधीच सांगून टाकलं होतं, "मी ठेवून घेईन अण्णांना. पण तू त्यांना विचारून जा. चोरासारखा जाऊ नकोस."

त्याने विचारलं. खुर्चीसमोर जमिनीवर बसून विचारलं. "अण्णा, जाऊ का? आधीच सांगायला हवं होतं, पहिल्यांदा आम्ही तिघंच जाणार होतो. तुम्ही नको म्हणाल तर नाही जात. मनापासून सांगतो. हो किंवा नाही, काहीही सांगा."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मान हलवली नाही, हात हलवला नाही. यंत्र सदऱ्याच्या खिशात होतं, त्याचा फुगवटा दिसत होता. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच ठरवा आता. त्यांच्यावर कशाला ढकलता?" तो म्हणाला, "त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला." ती म्हणाली, "तोंडून," आणि भाजी चिरायला लागली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो दुपारीच कामावरून निघाला. जिन्यापाशी आला तर टपरीतून चावी घासायच्या मशिनचा आवाज आणि त्यात मिसळलेलं ते गुणगुणणं. तो भिंतीआड थांबला. अण्णा गोष्ट सांगत होते. पोरगा लहान असताना बाजारात हरवला, सगळा बाजार शोधतोय, आणि हा रिकाम्या पोत्यांच्या ढिगात झोपलेला. मी याच्याच डोक्यावर उभा राहून पुकारतोय, तरी जाग नाही. चावीवाला हसला. मग मशीन थांबवून म्हणाला, "आता तो चालला म्हणता, अण्णा. तुम्हाला जड नाही जाणार?"

अण्णांनी यंत्र गळ्याला पुन्हा नीट टेकवलं.

"जाऊ दे," ते एकसुरी म्हणालं. "त्याने फार अभ्यास केलाय. वाया कशाला घालवायचा?"

फोटोवाला भिंतीआडून पुढे आला.  अण्णांनी त्याला पाहिलं, बटण सोडलं आणि यंत्र खिशात ठेवलं. मग जिन्याची वाट अडू नये म्हणून स्टूल जरा बाजूला ओढलं, भाडेकरूला वाट द्यावी तसं, आणि हसले.

तो उभा राहिला. चावीवाल्याने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि कानशीने चावी घासत बसला.

वर आला तेव्हा बायको दारातच होती. "बोललात का अण्णांशी?"

"जा म्हणाले."

"तुम्हाला म्हणाले?"

त्याने कॉम्प्युटर उघडला आणि एजंटने शिकवलं होतं तसं एकेक करून सगळीकडे हो लिहीत गेला. खाली चावीचं मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने गळ्याचंही.